एडक्याला चारलेले क जीवनसत्त्व जाते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जत आणि आटपाडी तालुक्यांत पैदाशीच्या एडक्यांना (नर मेंढ्यांना) क जीवनसत्त्वाची भुकटी चारली जात आहे, त्याविषयी चार शब्द लिहितो. परवा शेजारच्या वस्तीवर एक मेंढपाळ बाजरीच्या भाकरीत नारिंगी भुकटी कुस्करून माडग्याळ जातीच्या एडक्याला गोळा भरवत होता. पुडीवर ‘वीर्यवृद्धी’ असे ठळक छापले होते. ‘पंधरा दिवसांत फरक पडतो म्हणालाय दुकानदार,’ असे त्याने सांगितले.

या दाव्याच्या मुळाशी असलेले शास्त्र खोटे नाही, म्हणूनच तो पटतो. शुक्राणूंच्या आवरणात सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात आणि वीर्यद्रवातील क जीवनसत्त्व त्यांची राखण करते. शिसे किंवा कॅडमियम देऊन ज्या उंदरांच्या वृषणाला इजा केली, त्यांना हे जीवनसत्त्व दिल्यावर ती इजा कमी झाल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मात्र ते उंदीर विषबाधेचे होते, आपला एडका तसा नाही. शिवाय उंदराचे पोट एककप्पी आहे आणि मेंढा रवंथ करणारा. साधी भुकटी त्याच्या मोठ्या पोटात पडली की तिथले सूक्ष्मजीव ती आतड्यापर्यंत जाण्याआधीच बहुतांशी मोडून टाकतात. खिलार वळूचेही तेच. त्यातून मेंढ्या, गाई, शेळ्या हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात ग्लुकोजपासून तयार करतात. बाहेरून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही ते माणसाला आणि गिनीपिगला. (कोंबड्यांना उन्हाळ्यात पाण्यातून देतात, ते निराधार नाही, पण कोंबडी रवंथ करत नाही.)

आता पंधरा दिवसांचा हिशेब. मेंढ्याच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे 47 दिवस लागतात आणि पुढच्या नलिकेत पक्व व्हायला आणखी दोन आठवडे. वृषण शरीरापेक्षा काही अंश थंड राहिले तरच हे काम नीट चालते, त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हाची झळ जुलैपर्यंत वीर्यात दिसू शकते. मधल्या काळात पाऊस पडतो, हवा उतरते, रानात हिरवा पाला मिळतो, पुढे मेंढ्या गाभण राहू लागतात आणि श्रेय मात्र पुडीला मिळते. नोकरीत असताना मी असे श्रेय बऱ्याच औषधांना मिळालेले पाहिले आहे.

पोटातल्या सूक्ष्मजीवांपासून वाचवणारे आवरण दिलेले औषध किंवा इंजेक्शन ही निराळी बाब आहे आणि तिचा निर्णय पशुवैद्यकाने घ्यावा. जास्त मात्रा म्हणजे जास्त गुण, असेही नाही. वीर्य पातळ करण्याच्या द्रावणात हेच जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर पडले तर आम्लता वाढून शुक्राणू मरतात.

माझी मागणी एवढीच की, अशा पुडीवर तिची चाचणी कोणत्या जनावरावर झाली आणि भुकटीला आवरण आहे की नाही, हे मराठीत छापणे बंधनकारक करावे. तसेच मेंढ्यांच्या खांडात (कळपात) एडका सोडण्याआधी त्याच्या वीर्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात असावी. चांगल्या वीर्यात लाटा उसळताना दिसतात; ते पाहायला मेंढपाळालाच बोलवावे. शेजाऱ्याचा एडका दुपारी पत्र्याखाली बांधलेला होता. तो मी लिंबाच्या सावलीत बांधायला सांगितला आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. जत, जि. सांगली