दहावीच्या सत्काराला एखाद्या टर्नरलाही बोलवा

मा. कौशल्य विकास मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

स. न. वि. वि.

साहेब, मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीन लेथ (लोखंड कातायची यंत्रं) आणि संगणकावर चालणाऱ्या एका सीएनसी मशीनचं लहानसं वर्कशॉप चालवतो. हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट करून देतो.

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, नारळ आणि पाहुण्यांचं ठरलेलं भाषण: सायन्सला जा, इंजिनिअर व्हा, नाहीतर जन्मभर लोखंड घासत बसाल. यंदा हे ऐकताना माझ्या शेजारी आमच्याच वर्कशॉपचा मेस्त्री बसला होता, पोराचा सत्कार बघायला आलेला. त्यानं मान खाली घातली, ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही.

मीही असंच भाषण ऐकून सायन्सला गेलो होतो. मराठी शाळेतून थेट इंग्रजी फिजिक्स. पियूसीला, म्हणजे बारावीला, दोनदा नापास झालो आणि तोंड लपवत आयटीआयचा फॉर्म भरला. वर्षं गेली त्याचं एवढं नाही. पहिल्याच दिवशी जे काम आवडलं, ते मी शिक्षा समजून करत राहिलो, हे आजही सलतं.

या कामाला डोकं लागत नाही म्हणणाऱ्यानं बोअरिंग, म्हणजे सिलिंडरच्या पाइपचं आतलं भोक कातणं, चालू असताना जरा शेजारी उभं राहावं. हे भोक ठरलेल्या मापाच्या मर्यादेबाहेर चार-दोन शतांश मिलिमीटर जास्त गेलं तरी सील तेल धरत नाही, पाइप भंगारात जातो. माझ्याकडचा आयटीआय झालेला पोरगा नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं ओळखतो, निघणाऱ्या चिपचा रंग बघून स्पीड कमी करतो. हे त्याला यायला चार वर्षं लागली.

कॉलेज नको असं माझं म्हणणं नाही. माझी मुलगी बीएस्सी करते, तिला झाडापानांचा नाद आहे म्हणून. व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाचं, मुख्यालय आमच्या बेळगावात आहे, याचा अभिमानच वाटतो. पण याच जिल्ह्यात फाउंड्र्या आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. ते हात कुठून येणार?

सरकारनं युवा निधी योजना आणली. बेकार पदवीधराला महिना ३,००० रुपये, डिप्लोमावाल्याला १,५००. आयटीआयवाल्याचं त्यात नाव नाही. रकमेसाठी मी भांडत नाही, पण आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे पोरं त्यावरूनच ठरवतात.

आयटीआय केल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे आमच्याकडच्या बहुतेक आईबापांना कुणी सांगितलेलंच नाही. ते दहावीच्या वर्गात जाऊन सांगा, आणि सांगायला एखादी वेल्डर, एखादा फिटर पाठवा. दुसरं, मराठी शाळेतून आलेल्या पोराला ट्रेड थिअरी, म्हणजे कामाची पुस्तकी माहिती, कन्नड नाहीतर इंग्रजीतून शिकावी लागते. कन्नड शिकायला आमची ना नाही, बाजारात बोलतोच की. पण सुरुवातीचे सहा महिने हाताशी राहील अशी शब्दांची मराठी पुस्तिका द्या. तेवढ्यासाठी वर्ग सोडून गेलेली पोरं मी पाहिली आहेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला याल, तेव्हा एक सकाळ उद्यमबागेसाठी ठेवा. आमची पहिली शिफ्ट आठला लागते. तो मेस्त्री आपल्याला मशीन दाखवील.

आपला नम्र,
येळ्ळूरचा एक टर्नर