माझा अर्ज कंत्राटदाराच्या हातात कसा गेला?

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. आमच्या गावच्या नळयोजनेची टाकी उभी आहे, तिच्यात पाणी नाही. बिल मात्र निघालं. कोणी चाळीस लाख म्हणतं, कोणी साठ. खरा आकडा कळावा म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. अंदाजपत्रक आणि एमबीच्या, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहितात त्या वहीच्या, नकला मागितल्या, बाकी काही नाही.

गेल्या सोमवारी कंत्राटदाराची माणसं दारात आली. हातात माझ्याच अर्जाची झेरॉक्स. माझी सही, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं त्यावर. "वहिनी, पोरगी कितीच्या एसटीनं जाते, ठाऊक आहे आम्हाला," म्हणाले.

तेव्हापासून पोरगी घरात आहे. बारावीचं वर्ष आहे तिचं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, दीर म्हणतात अर्ज मागं घे. बचत गटातल्या ज्या बायांनी मला पुढं केलं, त्या आता समोर आल्या तर मान खाली घालतात. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनाही लेकरं आहेत. पोलिसांकडे गेले तर विचारलं, धमकी लेखी आहे का?

ग्रामसभेत का नाही विचारलं, असं मला साहेबांनी ऐकवलं. विचारलं होतं. १५ ऑगस्टच्या सभेत उभी राहिले तर सरपंचबाईंचे यजमान म्हणाले, घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा. माझे मालक वारले, हे साऱ्या गावाला माहीत आहे. इतिवृत्तात माझा प्रश्न नाही. हजेरीत माझी सही तेवढी आहे.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) सांगतं, अर्जदाराला कारण विचारायचं नाही. मग ते विचारायला माझ्या दारात माणसं कोणी धाडली? अर्ज ऑफिसात दिला होता, चौकात चिकटवला नव्हता.

साहेब, सत्येंद्र दुबे नावाचा इंजिनिअर होता. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यानं पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घातली. आपल्या तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी जमिनींचे घोटाळे बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला निघाले असताना त्यांना मारलं. अशांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये संसदेनं कायदा केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो आजतागायत लागू केलेला नाही. एका अधिसूचनेचं काम! नोटाबंदी एका रात्रीत होते, हे होत नाही. उलट २०२३ च्या नव्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८ बदललं, 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं केलं. म्हणजे त्यांची माहिती झाकायची आणि माझा मोबाइल नंबर वाटायचा. हे राज्य नक्की कोणाला घाबरतं? पैसे खाणाऱ्याला की विचारणाऱ्याला?

लाल किल्ल्यावरून २०१९ साली शब्द दिला होता, २०२४ पर्यंत घरोघरी नळ. माणशी रोज ५५ लिटर. आता मुदत २०२८ वर गेली. तोवर हंडे आम्हीच वाहायचे आणि तोंडही आम्हीच बंद ठेवायचं. बायांनी पाणी भरावं, हिशेब विचारू नये, असं असेल तर तसा जीआर काढा.

माझ्या अर्जाची प्रत कोणाच्या टेबलावरून बाहेर गेली, याची चौकशी जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडून करा. इथल्या इथं नको, इथं सगळे एकमेकांचे पाहुणे आहेत. राज्यातल्या प्रत्येक नळयोजनेची एमबी आणि दिलेली बिलं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. अशी माहिती न मागता जाहीर करायची, हे कलम ४ मध्ये आहेच. मग कोणा एकीला आपलं नाव घालून अर्ज करावा लागणार नाही.

तीस दिवस उलटून गेलेत. नकला आल्या नाहीत. अर्ज मी मागं घेतलेला नाही, पहिलं अपील उद्या टाकते आहे. यापुढं माझ्या पोरीला काही झालं तर जबाबदार कोण, एवढं मला लेखी कळवा.

आपली,
एक ग्रामस्थ, मराठवाडा