बातमी आधी छापा

महोदय,

‘कोबॉल’ या संगणकभाषेचा पाया घालणाऱ्या ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा. त्या आठवड्यात शाळांमध्ये मुलांसाठी ‘अवर ऑफ कोड’ हा २०१३ साली सुरू झालेला तासाभराचा कोडिंग (संगणकाला सूचना लिहिणं) शिकवणारा उपक्रम होतो. आमच्या भागातल्या एका शाळेत त्याची सूचना फळ्यावर लागली, ती कार्यक्रम उरकल्यावर! शेवटी भाचीला मी घरीच ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या संगणकभाषेवर बसवलं. रंगीत ठोकळे जोडताच पडद्यावरचं मांजर चालायला लागलं, तशी ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. संगणक नसले तरी कागद-पेन्सिलीवर हे खेळ घेता येतात. स्थानिक वृत्तपत्रांनी नोव्हेंबरातच ठळक चौकट छापावी आणि मुख्याध्यापकांनी ती परिपाठात वाचून दाखवावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा