पीसीओएस : पथ्य एकट्या मुलीनेच का पाळायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पीसीओएसवर (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे स्त्रियांच्या अंडाशयाशी आणि संप्रेरकांशी, हार्मोन्सशी, संबंधित विकार) नुकताच जो लेख आला, त्यात काय खावे, काय टाळावे आणि किती चालावे हे सविस्तर होते. हे सगळे कोणी करायचे, हे मात्र लेखकाने गृहीतच धरले होते. ‘मुलींनी’, ‘तरुणींनी’ असेच बहुतेक वाक्यांचे कर्ते. मी सोलापुरात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी धाकटी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि गेले दीड वर्ष हा विषय आमच्या घरात रोजचा झाला आहे, म्हणून हे पत्र.

आधी एका शब्दाविषयी. मथळ्यात ‘अंडाशयातील गाठी’ असे छापले होते. मराठी घरात ‘गाठ’ म्हटले की माणसांच्या मनात काय येते, हे आपल्याला सांगायला नको. सोनोग्राफीत दिसतात ती वाढ मध्येच थांबलेली बीजपुटके, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढते त्या लहान पिशव्या, असतात. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत आणि त्या काढून टाकायच्याही नसतात. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदींवरून या विकाराचे वर्णन केले. तेव्हा नजरेत भरले ते अंडाशय, म्हणून नावही त्यावरूनच पडले. बिघाड मात्र तेवढाच नाही. यातल्या बहुतेक जणींचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडते, आणि वाढलेल्या इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरके अधिक तयार होतात. पाळी लांबणे, हनुवटीवर राठ केस येणे, मुरमे हटता न हटणे, ही त्याची बाहेर दिसणारी रूपे.

आमच्याकडे ते प्रथम दिसले मानेवर. माझ्या सासूबाई दर रविवारी नातीला न्हाणीत बसवून डाळीचे पीठ, हळद आणि लिंबू लावून तिची मान घाशीत. अभ्यासाच्या नादात पोरगी नीट अंग धूत नाही, अशी त्यांची समजूत होती. मान लालबुंद व्हायची, काळेपणा हलायचा नाही. तो मळ नव्हताच. इन्सुलिन वाढले की मानेची, काखेतली त्वचा अशी जाड आणि काळपट होऊ शकते, हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले. पहिल्यांनी सोनोग्राफीचा कागद पाहून ‘पीसीओडी आहे, वजन कमी करा’ (पीसीओएसलाच बरेच जण असे म्हणतात) एवढे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले होते. वास्तविक पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे या विकाराविषयीची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचे अंडाशयही तसे दिसू शकते. त्या वयात अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे, ही दोन्ही असतील तरच निदान करायचे. माझ्या मुलीत दोन्ही होती, त्यामुळे निदान बरोबरच निघाले. पण तिच्या वर्गातल्या किती जणी नुसता तो कागद घेऊन घाबरून बसल्या असतील, असा विचार मनात येतो.

‘दर पाचवी मुलगी’ अशा मथळ्यांबाबतही थोडा सावधपणा हवा. मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एका निकषाने हे प्रमाण २२.५ टक्के आले आणि दुसऱ्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच, मोजपट्टी वेगळी. ही ओळ कोणत्याच मथळ्यात येत नाही.

आता आहार. आपल्या लेखात भात, बटाटा, दूध, गहू असे सगळेच वर्ज्य केले होते. पीसीओएससाठी एकच एक आहार इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही, हे वर उल्लेखिलेल्या तत्त्वांतच म्हटले आहे. आम्हीही पहिले दोन महिने तिच्यासाठी वेगळा डबा, वेगळी भाजी, वेगळे ताट केले. घरातले बाकीचे गरम भजी खात असताना ती काकडीचे काप घेऊन बसायची आणि रात्री अकराला फरसाणाचा डबा रिकामा व्हायचा. तो कोणी रिकामा केला, हे सर्वांना ठाऊक असायचे आणि कोणी ना कोणी ते बोलूनही दाखवायचे. शेवटी मीच वेगळे ताट बंद केले. ज्वारीची भाकरी आमच्याकडे पूर्वीपासून होतीच. आता तिच्यासोबत मटकी किंवा हुलग्याची उसळ, वाटीभर दही आणि पालेभाजी सर्वांच्याच ताटात पडते, यजमानांच्याही. भात आहे, पण डोंगर नाही. शेंगाचटणीही आहे, सोलापुरात ती बंद करण्याची हिंमत कोणत्याच डॉक्टरने दाखवू नये. उपवासाचा प्रश्न मात्र खरा निघाला. चतुर्थी आणि सोमवार मिळून महिन्यातून पाच-सहा दिवस ती दोन्ही वेळा साबुदाणा खात असे आणि त्याला आम्ही हलका आहार समजत होतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आणखी एक गोष्ट म्हणजे जेवणाची वेळ. शिकवणी रात्री साडेनऊला सुटत असे आणि जेवण साडेदहाला. ती वेळ बदलणे एकट्या मुलीच्या हातात कसे असेल? आम्ही तीन पालकांनी जाऊन विनंती केली, तेव्हा ती वर्गतुकडी सायंकाळची झाली.

व्यायामाबाबत मला स्वतःचीच चूक कबूल करायची आहे. गणिताचा अभ्यासक्रम पुरा करायला मी अनेकदा पीटीचा तास मागून घेतला आहे, आणि तो कोणी नाकारल्याचे मला आठवत नाही. या वयात रोज किमान तासभर हालचाल हवी. मोठ्या स्त्रियांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला जातो. त्यामागचे कारण साधे आहे : काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो. म्हणूनच वजनाचा काटा हलला नाही तरी व्यायाम वाया जात नाही, आणि सडपातळ मुलींनाही तो तितकाच लागतो. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. पण मुलींनी हा व्यायाम करायचा कोठे? मैदानावर संध्याकाळी मुलांचे क्रिकेट, उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर बाहेर उभे राहवत नाही, आणि अंधार पडल्यावर मुलीला एकटीला कोणी सोडत नाही. आम्ही जेवणानंतरच्या शतपावलीपासून सुरुवात केली. सासूबाई, मी आणि ती. शतपावलीची आता तीस मिनिटे झाली आहेत.

मनाच्या बाजूविषयी आपल्या लेखात ‘ताण घेऊ नये’ एवढेच होते. नैराश्य आणि चिंता या विकारात अधिक आढळतात, आणि त्यांची चौकशी प्रत्येक रुग्णाकडे करावी असे डॉक्टरांना सांगितलेले आहे. आमच्या मुलीने एका लग्नात ‘हनुवटीला काय झालं गं?’ हे ऐकले आणि त्यानंतर चार महिने ती कोणत्याही कार्यक्रमाला आली नाही. ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होतं’ आणि ‘हिला मूल होणं कठीण’ ही दोन्ही वाक्ये एकाच मावशींनी एकाच दुपारी उच्चारली. दोन्ही चुकीची आहेत. यातल्या बहुसंख्य स्त्रियांना मूल होते, काहींना औषधांची मदत लागते. उलट पाळी तीन-तीन महिने न येणे दुर्लक्षिण्यासारखे नाही, कारण गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. त्यासाठी डॉक्टरांनी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या तर त्या कपाटात लपवाव्या लागू नयेत. बोलायला कोणी नसेल तर १४४१६ हा ‘टेलीमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा विनामूल्य क्रमांक आहे. तो आपण लेखाखाली चौकटीत छापला असता तर बरे झाले असते.

हे पत्र पाठवण्याआधी मुलीला वाचून दाखवले. डाळीच्या पिठाचा मजकूर काढून टाक, असे तिचे म्हणणे होते. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, अजून कितीतरी आज्या घासत असतील. त्यांच्या आग्रहाखातर तो ठेवला आहे; मात्र मुलीच्या इच्छेनुसार माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, सोलापूर