रेंज आहे, नाव चुकलंय

महोदय,

तासगाव तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हल्ली जळलेल्या मोटारींबरोबर मोबाईल स्टार्टर (मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारी पेटी) आणि द्राक्षबागेतल्या हवामान केंद्रांच्या पेट्याही दुकानात येतात. त्यातल्या एका पेटीबद्दल लिहितो.

ऑक्टोबर छाटणी होऊन वीसेक दिवस झालेले, पाऊस रोज संध्याकाळी डोकावत होता. या दिवसांत पान किती तास ओलं राहिलं हे बघून डाउनीचा (द्राक्षाच्या पानावरच्या बुरशीरोगाचा) फवारा ठरतो. नेमके त्याच वेळी शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराच्या मोबाईलवर आकडे यायचे थांबले. कंपनीला फोन केला तर, ‘तुमच्याकडं रेंज नसेल.’ दुसऱ्या फोनला, ‘मोडेम गेलाय, नवीन कार्ड घ्या, साडेसहा हजार.’ मोडेम म्हणजे पेटीतल्या सिमवरून आकडे पाठवणारं मॉड्यूल.

मी लॅपटॉप घेऊन बागेतच गेलो. दुकानातली रेंज बघून काय उपयोग? मुख्य बोर्डाकडून मोडेमकडं जाणाऱ्या संदेशाच्या दोन वायरी सोडवून लॅपटॉपला जोडल्या. वीज मात्र पेटीच्याच बॅटरीची ठेवली. हे मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत खेचतं. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवलं की सारखं बंद पडून चालू होतं. शिकताना माझ्या दोन रात्री यातच गेल्या.

मोडेमशी ‘एटी’नं सुरू होणाऱ्या आज्ञांनी बोलता येतं. नुसतं ‘एटी’ लिहून एंटर मारलं, ‘ओके’ आलं. मोडेम जिवंत. ‘एटी+सीपिन?’ला ‘रेडी’, सिम ठीक. ‘एटी+सीएसक्यू’ला, म्हणजे रेंज विचारल्यावर, १९. हा आकडा ० ते ३१ असतो आणि ९९ आला तर मोडेमला काही समजलेलं नाही. १९ म्हणजे उणे ७५ डीबीएम (रेंज मोजायचं एकक), रानात एवढी रेंज म्हणजे चैनच. ‘एटी+क्रेग?’ला ‘०,१’, नेटवर्कनं नोंद करून घेतलेली. मग ‘एटी+सीजीॲक्ट=१,१’ दिलं, इंटरनेट सुरू कर म्हणून, आणि ‘एरर’. ‘एटी+सीजीडीकॉन्ट?’ विचारल्यावर घोडं कुठं पेंड खातंय ते दिसलं. एपीएन, म्हणजे इंटरनेटच्या दाराचं नाव, भलत्याच मोबाईल कंपनीचं होतं!

मालकांना विचारलं. ‘महिन्यापूर्वी सिम पोर्ट केलंय, पण नंबर तोच आहे की!’ फोनमध्ये नवीन सिम घातलं की एपीएन बहुतेक वेळा आपोआप बदलतं. या पेटीत ते कुणीतरी लिहावं लागतं. नवीन नाव लिहिलं, ‘सीजीॲक्ट’ला ‘ओके’ आलं आणि ‘एटी+सीजीपीॲडर’नं १० पासून सुरू होणारा आयपी पत्ता दाखवला, म्हणजे इंटरनेट जोडलं गेलं. वायरी पूर्ववत जोडल्या, चहा घेतला.

तेवढ्यात पुन्हा बंद. पेटी सुरू होताना मुख्य बोर्ड जुनंच नाव मोडेमला सांगत होतं. ते बदलायला सिमच्या नंबरवर ठरावीक एसएमएस पाठवावा लागतो. तो कुठल्याच कागदावर नाही. तिसऱ्या फोनला कंपनीच्या एका पोरानं दबक्या आवाजात सांगितला. एक एसएमएस, आणि साडेसहा हजारांचं काम झालं.

महोदय, या आज्ञा गुपित नाहीत. त्यांची सुरुवात अमेरिकेतल्या हेज स्मार्टमोडेमपासून, १९८१ सालची. आपल्याकडं मोबाईल आला १९९५ ला. मग पेटीसोबतच्या चकचकीत इंग्रजी पुस्तिकेत त्या का नाहीत? परवा एकानं स्टार्टरमध्ये फक्त ४जी चालवणाऱ्या कंपनीचं सिम घातलं होतं. आतलं मॉड्यूल २जीचं. ‘क्रेग’ला ‘०,२’, नुसतं शोधतंय. तीन सिमं बदलून झाल्यावर तो माझ्याकडं आला.

अशी यंत्रं कृषी विभागाच्या अनुदानाच्या यादीत असोत वा नसोत, विकणाऱ्यानं झाकणाच्या आत एक मराठी चिठ्ठी चिकटवावी : मॉड्यूल २जी की ४जी, एपीएन बदलायचा एसएमएस कोणता, आणि वरच्या सहा-सात आज्ञा. त्या बागायतदाराच्या झाकणात मी माझ्या हातानं लिहून चिकटवली आहे. पावसानं भिजू नये म्हणून वर सेलोटेप मारलाय.

— एक रिवाइंडिंगवाला,
ता. तासगाव, जि. सांगली