मंत्रिमहोदय, अष्टमीच्या फोटोवर आमचं खाजण कोरडं ठरवू नका

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी उरण तालुक्यातला, खाडीवर आणि तिच्या भरतीचं पाणी चढणाऱ्या खाजणावर पोट असलेला माणूस. गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयात साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. म्हणाले, "उपग्रहाच्या फोटोत तुमच्या खाजणात पाणीच नाही. ही पाणथळ जागा होत नाही." पावसाआधी जागेवर येऊन हद्द आखू, हा शब्द त्यांनीच दिला होता. आलं कुणीच नाही.

फोटोची तारीख मी पंचांगात पाहिली. अष्टमी! हा उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. अष्टमीला भरती सहाच्या आसपास, म्हणजे अकराला ओहोटी. त्यात भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीचं पाणी खाजणात चढतच नाही. चिखलच दिसणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास असते. त्या दिवसांचे फोटो का नाही काढले? युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचे फोटो दर पाच दिवसांनी मिळतात, तेही फुकट. पावसाळ्यात ढग आले तर सेंटिनेल-1 चं रडार ढगांतून बघतं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचे तर 1972 पासूनचे आहेत. माझ्या पुतणीने उधाणाच्या दिवसांचे फोटो ओळीने लावले. भराव पडला, खाडीचं पाणी आत-बाहेर करणारी बांधातली उघाडी बंद झाली, आणि त्यानंतर पाण्याचा काळा डाग वर्षागणिक आकसत गेला. हे शाळकरी पोरीला दिसतं, तुमच्या खात्याला दिसत नाही?

वर साहेब म्हणाले, हिरवळ वाढलीय. वाढणारच! खारं पाणी तुटलं की चिखलावर गवत आणि झुडपं माजतात, आणि उपग्रह त्यांनाही हिरवंच मोजतो. तिवरं मात्र उभ्या उभ्या वाळताहेत. मरणाऱ्या खाजणाचा हिरवा रंग दाखवून तुम्ही आमची समजूत काढता?

चिखलातले निवट्या मासे गेले, चिंबोऱ्या गेल्या. बायको टोपली घेऊन बाजारात बसायची, आता दुसऱ्याची मासळी विकते. मुलगा कंटेनर यार्डात कंत्राटावर लागलाय, कधी काढतील नेम नाही. माझी जाळी माळ्यावर पडून आहेत. हे कुठल्या फोटोत दिसतं, साहेब?

सुप्रीम कोर्टाने 2017 साली इस्रोच्या नकाशातल्या 2,01,503 पाणथळ जागा राखायला सांगितल्या. डिसेंबर 2024 मध्ये जागेवर जाऊन हद्दी आखायला तीन महिने दिले. सरकारने मात्र 2017 च्याच पाणथळ जागांच्या नियमांतून मिठागरं वगळली. का वगळली, कुणासाठी? इथे जमीन घेताना कागद एका रात्रीत होतात, राखायची वेळ आली की पुरावा आम्ही आणायचा. 1984 साली जमिनी घेण्याविरुद्धच्या जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची भाषा सरकारच्या तोंडी आली. आता काय व्हायची वाट बघता?

उघाडी उघडा. उधाणाच्या तारखांचे फोटो लावून, गावातली जाणती माणसं सोबत घेऊन हद्द आखा आणि तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. उत्तर लेखी द्या. तोंडी शब्द आम्ही आता घेत नाही.

आपला,
उरणचा एक खाडीवाला