व्हिएतनाममधल्या सुओई जांग गावच्या आजींना

आजी,

तुमची ह्मोंग भाषा मला येत नाही आणि माझी मराठी तुम्हाला. तरीही लिहिते, कारण परत येऊन महिना झाला तरी तुमच्या चुलीपाशी बसल्यासारखंच वाटतंय.

हनोईच्या टूरवाल्यांना मी तीनदा लिहून कळवलं होतं की मांस नको, मासे नकोत, चरबीही नको. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'नो प्रॉब्लेम'. पैसेही आगाऊ घेतले. पहिल्याच जेवणात टोफूवर डुकराचा खिमा! नंतरचे दोन दिवस मी केळी आणि बिस्किटांवर काढले. तुमच्या लाकडी घरात पोचले तेव्हा कुणाला काही सांगायची इच्छाच उरली नव्हती.

दुपारी अंगणातलं ते शान तुएत चहाचं झाड बघितलं. चहाचं झुडूप कमरेएवढं असतं, एवढंच मला ठाऊक. इथे पांढुरक्या खोडावर तुमची सून चढून कोंब खुडत होती. काही झाडं तीनशे वर्षांपलीकडची आहेत म्हणे. खाली तुम्ही मोठ्या कढईत पानं हातानेच परतत होतात. मी हात पुढे केला, तर तुम्ही आधी त्याचा वास घेतलात आणि हँडक्रीम धुऊन यायला पाठवलंत! चहा कुठलाही वास लगेच ओढून घेतो, म्हणून त्या कढईला तेला-तुपाचा थेंबही लागू देत नाहीत, हे तेव्हा कळलं.

संध्याकाळी मी मोबाइलवर डुक्कर काढून त्यावर फुली मारून दाखवली. तुम्ही हसलात. रोजच्या कढईकडे बघितलंत, बोट फिरवून चरबीचा थर पाहिलात आणि मान हलवलीत. मग उठून चहाची कढई चुलीवर ठेवलीत. तिच्यात नुसत्या पाण्यात मोहरीचा पाला शिजवलात, वर मीठ. सोबत वाफवलेल्या मक्याच्या कण्या.

आजी, ज्या कढईवर घर चालतं, जिच्याजवळ माझा क्रीमचा हातसुद्धा चालला नाही, ती तुम्ही एका परकीच्या भाजीसाठी काढलीत. पाल्याचा वास घालवायला नंतर ती किती वेळा घासावी लागली असेल? पाहुणचाराचे पैसे घेणारे खूप भेटले. तुम्ही तर त्या भाजीचे पैसेही हिशेबात धरले नाहीत.

निघताना दिलेली चहाची पुडी आईला दिली. तिला तो कडवट लागला, म्हणून तिने दूध, साखर, आलं घालून चांगला खळखळून उकळला. तेवढं माफ करा.

तुमची,
पुण्याची, डुकरावर फुली मारणारी